बिनकडीचा डबा

मी पत्र्याचा डबा आहे. हसू नका. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल, गव्हाचा नाहीतर तांदळाचा, आणि त्याच्या तळाशी कुणीतरी चार नोटा लपवलेल्या असतील. माझ्या पोटातले पैसे मात्र कुणा एकाचे नव्हते. सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

जन्माने मी तेलाचा. तुर्भ्याच्या एका फरसाणवाल्याकडे तेल घेऊन आलो, तेल संपलं आणि भंगारात पडलो. तिथून मला रंजिताने उचललं. पत्रेवाल्याकडे नेऊन तिने माझं तोंड कापून घेतलं, हाताला लागू नये म्हणून कडा आत वळवून घेतल्या, वर झाकण बसवून घेतलं. पत्रेवाला सवयीने कडी लावायला लागला तर म्हणाली, "कडी नको लावू. आमचे घरान कुलूप नाय." तेव्हापासून मी बिनकडीचा, तांदळाचा.

रंजिता तळवलीची, आगऱ्यांची. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं. आपण बाई आहोत हे तिने सांगितलं, त्या दिवशी तिच्या भावाने, हरेशने, तिला बाहेरचा रस्ता दाखवला. नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्याची इमारत उभी आहे, भाडी येतात. रंजिता कोपरखैरण्यात ब्लाउज शिवायची आणि भाड्याच्या दोन खोल्यांत शौनक आणि भाविकाबरोबर राहायची.

शौनक महापेला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. पगार चांगला, बोलणं त्याहून चांगलं. त्याला मुलगे आवडतात, भाविकाला मुली, आणि त्यामुळे घर दोघांचंही तुटलेलं. भाविका एका संस्थेत मानधनावर होती. ते मानधन मनात आलं तर यायचं. रविवारी आमच्याकडे या तिघांसारख्याच क्वीअर मंडळींची बैठक भरायची. शौनक चटईवर मांडी घालून सांगायचा, की पैसा साठवणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणं, आणि विमा म्हणजे भीतीचा धंदा. एकदा तर त्याने आपलं क्रेडिट कार्ड सगळ्यांसमोर कात्रीने कापलं. त्याचं बोलणं मलाही पटायचं हो. ज्यांना रक्ताच्या माणसांनी टाकलं, त्यांनी एकमेकांना धरून राहायचं नाही तर काय करायचं?

मग नियम ठरला. ज्याला जमेल त्याने माझ्यात टाकायचं, ज्याला लागेल त्याने घ्यायचं. नोटा तांदळात खुपसायच्या. आणि एकाचा हात डब्यात असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं, म्हणजे कुणी टाकलं, कुणी काढलं, काही कळायला नको. हा नियम रंजिताचा. "आमचे घरान पैसं मोजलं," ती म्हणाली, "आन् मोजता मोजता मानसा कमी झाली. आपन मोजायचं नाय."

सुरुवातीचे दिवस काय सांगू तुम्हाला! भाविकाच्या नावाने तिच्या आईने विम्याची पॉलिसी काढलेली होती. शौनकने बैठकीत तिची खेचली, की ही तर तुझ्या लग्नाच्या हुंड्याची सोय. सगळे हसले, तीही हसली. मग तिने ती पॉलिसी मोडली आणि आलेले पैसे माझ्यात आणून ओतले. तेव्हा सगळी बैठक भिंतीकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती. माझा पत्रा नुसता तापला होता आनंदाने.

त्या पैशांनी घरातून हाकललेल्या किती पोरापोरींची भाडी भरली गेली. भाविकाच कुणाकुणासाठी घेऊन जायची. शौनकचा पगार आहे, डबा भरतच असणार, असं तिने धरलेलं.

पण शौनकच्या कंपनीत माणसं काढायला लागले. त्याच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एक दिवस आला तो सामान न्यायलाच. त्या दिवशी शौनक स्वयंपाकघरात आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि फोनवर हळू आवाजात कुणाला तरी म्हणाला, "हो, दर महिन्याला कापून घ्या. म्युच्युअल फंडातच टाका." मग फोन ठेवला. म्हातारपणी आपल्याला कोण पाहणार, असं तो पुटपुटला, ते मी ऐकलं. भीती खरी होती त्याची. लग्नाचा कागद नाही, पोरबाळ नाही, आईबाप दार उघडत नाहीत. मी त्याला दोष देत नाही. पण भाविकाची पॉलिसी ज्या तोंडाने मोडायला लावली, त्याच तोंडाने हे कसं सांगायचं? म्हणून त्याने सांगितलंच नाही. पगार झाला की यायचा, बाकीच्या दोघी भिंतीकडे वळायच्या, हा तांदूळ खळखळवायचा आणि रिकामाच हात बाहेर काढायचा.

टाकत राहिली ती एकटी रंजिता. शिलाईच्या पैशातली एखादी नोट, घडी घालून घालून हुकांच्या पाकिटाएवढी केलेली.

अशात तिच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. मागे एका दवाखान्यात तिला तापात पुरुषांच्या वॉर्डात टाकलं होतं, आधार कार्डावरचं जुनं नाव मोठ्याने हाकारत. तिथे ती पुन्हा जाणार नव्हती. खाजगीत जायचं तर पैसे हवेत. पण तिला टेन्शन नव्हतं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी तिने माझ्यात कधी हात घातला नव्हता.

त्या संध्याकाळी तिने घातला. शौनक आणि भाविका भिंतीकडे वळले. तिचा हात तळापर्यंत गेला, कोपऱ्याकोपऱ्यात फिरला. तिला लागल्या त्या तिच्याच दोन-चार घड्या. हात थांबला. ती ओरडेल, विचारेल, मला जमिनीवर उलटं करेल, असं वाटलं मला. करायला हवं होतं तिने.

"भेटले का गं?" भाविकाने भिंतीकडे बघतच विचारलं.

"भेटले," रंजिता म्हणाली. "बख्खळ हायेत."

आणि तिने मूठ मिटून बाहेर काढली. मुठीत तांदूळ होते.

मला तोंड कापून दिलंय, पण जीभ कुठे दिलीय? ती का बोलली नाही, हे मला तेव्हाच कळलं. डबा रिकामा आहे म्हटलं की विचारावं लागणार, कुणी नाही टाकले? आणि तो प्रश्न विचारला की हेही घर तळवलीच्या घरासारखंच होणार. लग्नसराई उरकली की ऑपरेशनचं बघते, असं ती दोघांना सांगत राहिली आणि पोटाला गरम पाण्याची पिशवी धरून ब्लाउज शिवत राहिली.

एका दुपारी ती मशीनवरच कोसळली. हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं. भाविका धावत घरी आली आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला फरशीवर उलटं केलं. तांदूळ सगळ्या घरभर झाला. त्यात हुकांच्या पाकिटाएवढ्या दोन-चार घड्या. कुणाच्या ते तिने बरोब्बर ओळखलं. मग ती ओट्याला टेकून बसली आणि शौनकला फोन लावला, स्पीकरवर.

"माझ्याकडे आहेत," तो म्हणाला.  "बाजूला ठेवलेत. मोडले तर दोन-तीन दिवसांत येतील."

"बाजूला म्हणजे कुठे, शौनक?"

 भाविकाने फोन ठेवला आणि मित्रमैत्रिणींचे नंबर फिरवायला लागली.

मित्रमैत्रिणींनी फोनवरून पैसे पाठवले, डिपॉझिट भरलं, ऑपरेशनही झालं. पण दुखणं इतके दिवस अंगावर काढल्याने पित्ताशय सडून विष अंगभर पसरलं होतं. रंजिता गेली. रक्ताचं माणूस लागतं म्हणून हॉस्पिटलने हरेशला बोलावलं. उरलेलं बिल त्याने भरलं, नोटा दोनदा मोजून. तिला शर्ट-पँट घातली, जुन्या नावाने नेली. ही दोघं गेटबाहेर उभी होती, असं भाविका नंतर एका मैत्रिणीला फोनवर सांगत होती. त्यांना आत कोण म्हणून सोडणार?

शौनकचे पैसे त्यानंतर आले. त्याने ते बँकेतून काढले, सगळेच्या सगळे आणून माझ्यात परत भरलेल्या तांदळात खुपसले. भाविका तेव्हा बॅग भरत होती. ती भिंतीकडे वळली नाही, उलट तिने अगदी टक लावून बघितलं, आणि ती निघून गेली. बैठक आता भरत नाही.

आज माझ्या पोटात इतके पैसे आहेत जितके कधीच नव्हते, आणि तांदळाला पोरकिडे लागलेत. कुणी निवडत नाही, कुणी शिजवत नाही.

तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरात असा डबा ठेवलात तर जरूर ठेवा, कडीही लावू नका. फक्त एखाद्याचा हात आत गेला की भिंतीकडे वळू नका. त्याच्या तोंडाकडे बघा. रंजिताच्या तोंडाकडे त्या संध्याकाळी कुणी बघितलं असतं, तर ती आजही ब्लाउजला हुक लावत बसली असती.

शौनक अजून पगाराच्या दिवशी माझ्याजवळ येतो. हात घालून नोटा खुपसतो. घरात दुसरं कुणी नसतं. तरी हात घालताना तोंड भिंतीकडेच करतो.