गाडी आली असं कधी म्हणायचं

मी एक जुना गार्डाचा डबा आहे. मालगाडीच्या अगदी शेवटी लागतो तो, आणि तोही खेळण्यातल्या गाडीचा, वीतभरसुद्धा नाही. लगेच "इंजिन कुठंय?" असं विचारू नका, मित्रांनो. सगळे तेच विचारतात. त्या इंजिनाचे गोडवे ऐकून माझे कान किटलेत.

माझे मालक दातांच्या कवळ्या बनवायचे. त्यांच्या खोलीत एका टेबलावर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे, आणि समोरच्या लांब फळीवर रूळ, सिग्नल, बोगदा, स्टेशन. इंजिन त्यांनी पितळेचं केलं. दोन वर्षं लागली. कवळीच्या बारीक कानशीनं एकेक चाक घासलं, हातावर घेऊन तान्ह्या बाळासारखं मिरवलं. आणि मी? एका कवळीचा गुलाबी मसाला उरला होता. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून दुपारी साच्यात ओतला, वर तपकिरी रंग फासला, झाला डबा. रंगाखाली मी अजून हिरडीसारखा गुलाबी आहे. नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

मालकांना दुसरं वेड रेल्वेच्या फोटोंचं. सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा अडकवून स्वारी रुळांशेजारच्या टेकाडावर. इंजिन समोर आलं की एक फोटो काढायचा आणि लगेच मान खाली घालून वहीत इंजिनाचा नंबर, तारीख, वेळ टिपायची; फोटो धुऊन आला की तेच त्याच्या पाठीवरही उतरवायचं. मागून चाळीस डबे धडधडत जायचे, हे महाशय लिहिण्यात दंग. असे हजारो फोटो जमवले. प्रत्येकात इंजिन, मागे तीन-चार डबे, की संपला फोटो. लग्नाला जाऊन फक्त बँडवाल्यांचे फोटो काढणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल? आमच्याकडे त्याला दर्दी म्हणायचे. असे आणखी तीन दर्दी दर रविवारी यायचे आणि पोटावर पालथे पडून इंजिनाकडे बघत बसायचे. मोठी माणसं, पोटं सुटलेली. मला शरम वाटायची.

आता खरी गंमत ऐका. मालकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, खऱ्या मालगाडीवर गार्ड होते. "उद्या सकाळची माझी आहे रे," असं तेच सांगायचे, म्हणून तर मालक त्या वेळेला टेकाडावर असायचे. दाजी शेवटच्या डब्याच्या कठड्याशी उभे राहून मेहुण्याला हात करायचे. मेहुण्याचं डोकं वहीत.

"काल हात केला होता मी," दाजी एकदा म्हणाले.

"हो का? ते जाऊ द्या दाजी, इंजिन कसलं आलंय बघा."

दाजींनी फोटो बघितला. "छान आहे," म्हणाले. भला माणूस. मी असतो तर फोटो फाडला असता.

एकदा माझी कडी निसटली आणि मी बोगद्यातच राहिलो. गाडीनं दुसऱ्या रुळावरून तीन फेऱ्या मारल्या. चारही दर्दी इंजिनाकडे बघत माना डोलवत होते.

"तुमची गाडी अजून आली नाही," दाजी म्हणाले.

"ही काय, आली की."

"शेवटचा डबा दिसेपर्यंत गाडी आली असं म्हणायचं नसतं." त्यांनी बोगद्यात हात घालून मला काढलं, फुंकर मारली, कडी बसवली. त्या खोलीत मला प्रेमानं लागलेला तो एकच हात.

पुढे दाजी गेले. महिन्याभरानं ताई आल्या.

"ह्यांचा कामावरचा एक फोटो दे. लग्नातला आहे, घरातले आहेत. पण अख्खा जन्म गाडीवर गेला, तिथला एक नाही. भिंतीवर लावायचाय."

"एक काय, पन्नास देतो," मालक म्हणाले. खोकी खाली काढली. दोन दिवस भिंग लावून फोटो चाळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खुर्चीत बसले तेव्हा तोंडचं पाणी पळालं होतं. मला दया आली असेल असं वाटतं तुम्हाला? मुळीच नाही.

ताई पुन्हा आल्या तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "ताई, नाहीये गं. एकही नाही."

ताईंनी पिशवीतून दाजींची ड्युटीची डायरी काढली आणि एकेक फोटो उलटा करून मागची तारीख, वेळ डायरीशी ताडून बघू लागल्या. ज्या टिपणांची मी जन्मभर टर उडवली, तीच कामाला आली. हे मला अजूनही रुचलेलं नाही.

"हा दे," ताई एका फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या. "ह्या दिवशी ह्यांना ताप होता. जाऊ नका म्हटलं, तर म्हणाले, तो टेकाडावर येणार आहे."

मालक म्हणाले, "पण ह्यात दाजी दिसत नाहीत."

"तुला दिसत नाहीत. ह्या गाडीच्या शेवटी उभे आहेत ते."

मालक उठले. ह्या माणसानं कधी कुणाला साधा स्क्रू उसना दिला नव्हता. त्यांनी फळीवरून मला उचललं आणि ताईंच्या हातात ठेवलं.

आता मी ताईंच्या घरी फळीवर असतो. शेजारी तोच फोटो: काचेमागे डावीकडे तोंड करून मिजासखोर इंजिन, मागे चार डबे, मग चौकट संपते. चौकटीच्या उजवीकडे, बाहेर, मी. पहिल्या दिवशी ताईंनी मला सरळ केलं, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि म्हणाल्या, "आली."

तिकडे मालकांचं इंजिन अजून गरागरा फिरतं म्हणे. पण मागे मी नाही, तेव्हा दाजींच्या हिशेबानं त्या घरात तेव्हापासून एकही गाडी आलेली नाही.

मित्रांनो, तुम्हीही इंजिनच बघणार, मला ठाऊक आहे. बघा बापडे. फक्त ते गेलं की लगेच मान खाली घालू नका. शेवटच्या डब्यातून कुणीतरी तुम्हालाच हात करत असतं, आणि कधीकधी अंगात ताप घेऊन आलेलं असतं.