बाबांच्या हाराचा फोटो

आमोण्याचे कृष्णनाथकाका वारले, तेव्हा पेपरात त्यांचा आधार कार्डावरचा फोटो छापून आला. बाबांनी चहा पिता पिता तो फोटो पाहिला आणि पान उलटलं. चाळीस वर्षं दोघे एकाच भजनात मांडीला मांडी लावून बसले होते. मग आईने नाव मोठ्याने वाचलं, तेव्हा बाबांनी पान परत उलटलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हो कृष्णनाथ? हो तर कोणाची म्हस चोरतना सांपडिल्लो कसो दिसता."

आमोण्याहून अंत्यविधी करून आले तरी तो फोटो त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"गौरेश, हांव मेल्यार माजो आधार कार्डावयलो फोटो भिंतीक लावपाचो ना. नवो काड. घरांत न्हय, भायर. माज्या बांदार, उजवाडांत."

"बाबा, मरणाच्या गोष्टी कशाला आत्ताच?"

"मरणाच्यो न्हय रे. फोटोच्यो."

बाबांचं नाव विठू, वय त्र्याहत्तर, प्रकृती ठणठणीत. सर्वणात आमचं वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं, शेत आहे. त्याचा बांध त्यांनी स्वतःच्या हाताने माती घालून घालून उभा केलेला. त्या बांधावर उभं राहून एक फोटो, एवढीच त्यांची मागणी होती. शहाण्या माणसाने खिशातून फोन काढून पाच मिनिटांत काम उरकलं असतं.

पण मी साखळीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दहावीच्या पोरांना बहिर्वक्र भिंग दरवर्षी शिकवतो, किरणांच्या आकृत्या काढून घेतो, चुकलं तर दहादा काढायला लावतो. माझ्या बापाचा कायमचा फोटो मी फोनवर काढू? छे! मी जाहीर केलं, की उघड्यावर माणसाचा चेहरा टिपायला योग्य कॅमेरा आणि योग्य लेन्स घेईन, आणि तेही नीट अभ्यास करून.

अभ्यासाला अकरा महिने लागले.

आधी कॅमेरा आरशाचा की बिनआरशाचा यात शिमगा आला. मग आतला सेन्सर मोठा घ्यावा की लहान यात पाऊस. खरा घोळ लेन्सचा होता. पन्नास मिलिमीटरची घेतली तर तोंडाजवळ जावं लागतं आणि नाक मोठं येतं. आमच्या घराण्यात नाकाला आणखी मदतीची गरज नाही. एकशे पस्तीसची घेतली तर इतकं लांब उभं राहावं लागतं, की 'हसा' म्हणून सांगायला फोन करावा लागेल. पंच्याऐंशीची मधली. चेहरा खरा येतो आणि पाठीमागचं सगळं पुसट होतं. मधल्या सुट्टीत मी व्हिडिओ बघायचो. त्यांत मागची झाडं सोलकढीत विरघळल्यासारखी दिसायची आणि पुढचा माणूस कोरीव. मी त्या पुसटपणाच्या प्रेमात पडलो. बाबांना काय हवंय हे त्या अकरा महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही. तज्ज्ञ माणूस गिऱ्हाइकाला विचारत नसतो.

मी सेन्सरची तुलना करत होतो तेव्हा बाबांचा वरचा पुढचा दात पडला. गणेश चवथीच्या आसपास मी दोन कंपन्यांमध्ये अडकलो होतो, तेव्हा शेजारचा गेला.

"दांत आशिल्ले तेन्ना मशीन ना," बाबा आरशात बघत म्हणाले. "आतां मशीन येतलें तेन्ना तोंड नासतलें."

कवळी बसवू म्हटलं तर ते खवळले. भिंतीवर आपल्याला लावायचं की डॉक्टरने केलेल्या दातांना, असा त्यांचा सवाल. माझी बायको हर्षा त्या दिवशी पहिल्यांदा सासऱ्यांच्या बाजूने बोलली. "अहो, बाबांचं काहीतरी शिल्लक असेपर्यंत घ्या तो कॅमेरा," म्हणाली. मला राग आला. खरी गोष्ट कोणी तोंडावर सांगितली की मला राग येतोच.

शेवटी आईने, म्हणजे शेवंतीबायने, प्रकरण हातात घेतलं. आमच्याकडे माणसाचं डोकं चालेनासं झालं की देवीला विचारतात. जमीन, लग्न, विहीर, सगळं. भटजी देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आई मला हाताला धरून देवळात घेऊन गेली.

भटजींनी प्रश्न दोनदा विचारून घेतला. मग डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "गे माये, हो विठूचो चलो. इकरा म्हयने जाले, हाका एक भिंग घेवंक जायना. पंच्याऐंशी घेवची जाल्यार उजवो दी, पन्नास घेवची जाल्यार डावो दी, आनी हाच्या बापायक सुखी कर!"

देवळात आलेली पाच-सहा माणसं एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. पंच्याऐंशी! विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला लाज वाटायला हवी होती. मला हायसं वाटलं, आणि देवीचं ऑप्टिक्स चांगलं आहे असंही वाटलं.

कॅमेरा आला. पूस महिन्यात, सकाळचं ऊन अजून कोवळं असताना, आम्ही शेतावर गेलो. वायंगण नुकतंच लावलेलं, बांधाच्या दोन्ही बाजूंना हिरवंगार. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बांधावर उभे राहिले आणि त्याच क्षणी त्यांचं आधार कार्ड झालं. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ दातांवर कुलूप लावल्यासारखे. मी लेन्स पूर्ण उघडी ठेवून वीस फोटो काढले आणि मागच्या पडद्यावर त्यांना दाखवले.

त्यांनी चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं.

"माजो बांद खंय?"

"मागे आहे ना बाबा. पुसट केलाय."

"कित्याक?"

"म्हणजे नजर तुमच्यावर राहते. यासाठीच तर ही लेन्स!"

"आनी ही शेतां? हो माड? फाटल्यान सगळें धुकें." ते पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हो मनीस खंयचो? सर्वणचो काय बेळगांवचो, कोण सांगतलो? बांद घालूंक माजी पाठ मोडली आनी तुवें तो पुसून उडयलो!"

मी अकरा महिने जे शोधलं, तेच त्यांना नको होतं. माझं तोंड एवढंसं झालं. चरफडत मी देवीवर घसरलो, तेव्हा त्यांनी मला गप्प केलं. "तिका दोश दिवं नाका. तुवें भिंग विचारलें, फोटो विचारूंक ना."

पुढचं सगळं विज्ञान आहे. मागचंही स्पष्ट हवं असेल तर लेन्सचं तोंड बारीक करायचं आणि माणसापासून लांब जायचं. ज्या उघड्या तोंडासाठी मी जीव टाकला होता ते मी एक पॉइंट आठवरून पार बारीक सोळावर नेलं. मग डोळा कॅमेऱ्याला लावून मी बांधावरून एकेक पाऊल मागे जाऊ लागलो. बाबांच्या मागे माड दिसू लागले, शेत दिसू लागलं, बांधाचं वळण दिसू लागलं.

तेवढ्यात बाबांच्या पाठीमागून आई बांधावरून येताना दिसली, हातात बाल्दी घेऊन. मी तिला हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं. ती बाजूला व्हायच्या ऐवजी थांबली, बाल्दी खाली टाकली, एक हात कमरेवर आणि दुसरा माझ्याकडे करून ओरडली, "अरे फाटल्यान पळय! पडटलो मरे!"

मी पडलो. एक पाय बांधावर, दुसरा गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि बूड नुकत्याच लावलेल्या भाताच्या तरव्यावर. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी वर धरलेला. बोट कधी दाबलं गेलं ते मला कळलंच नाही.

फोटो मोठा करून, फ्रेम लावून आणला तेव्हा घरात सगळे टेबलाभोवती जमले. जरा तिरका आला होता. पुढे बाबा. माझ्याकडे बघून ते पोट धरून हसतायत, दोन दातांचं खिंडार उघडं, डोळे बारीक झालेले. मागे त्यांचा बांध, वळणासकट. आणि त्या बांधावर आई, लहान पण स्वच्छ, हात उगारून, तोंड उघडून. बायकोने ओरडावं आणि नवऱ्याने हसावं, हे आमच्या घरात मी जन्मल्यापासून बघत आलोय. ते असं कागदावर बघून मला अचानक भरून आलं. मी उगाच फ्रेमची काच पुसत बसलो.

"हो!" बाबा म्हणाले. "हो माजो फोटो. हार ह्याकूच घालात."

"खबरदार!" आई कडाडली. "हांव आसां त्यांत. जित्या बायलेक हार घालतात?"

आमच्याकडे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं म्हणजे त्याला हाताने तिरडीवर घालून बाहेर काढण्यासारखंच. अकरा महिने, देवी, पंच्याऐंशीची लेन्स, सगळं या एका वाक्यात चिखलात गेलं. हर्षाने हळूच सुचवलं, की कॉम्प्युटरवर आईंना फोटोतून काढून टाकता येईल, कोणाला कळणारही नाही.

"नाका," बाबा ताडकन म्हणाले. "ती काडल्यार तो फोटो माजो न्हय."

"मग दुसरा काढू," मी म्हटलं. माझ्या आवाजात जीव नव्हता.

"दुसरो नाका. होच जाय."

"जाय तर दवरात," आई म्हणाली. "पूण हांव आसां मेरेन ह्या फोटोक हार पडचो ना. सांगून दवरतां."

बाबा फोटोकडे बघत राहिले. मग आईकडे बघितलं, जरा निरखूनच, बाजारात म्हैस बघतात तसं. आई सत्तरीची. तिच्या आईने नव्वदी ओलांडली होती, आणि मावशी अजून डिचोलीला एकटी बसने जाते. हाराला अजून वीस वर्षं तरी होती.

"म्हणजे माका रावचेंच पडटलें," ते शेवटी म्हणाले.

"रावात मगे," आई चुलीकडे वळत म्हणाली. "कोण भायर काडटा तुमकां?"