ओढ्यापलीकडची छपरी

चौसष्ट सालच्या श्रावणात जालिंदरचं कार्ड आलं. कलकत्त्याच्या सोनं गाळायच्या दुकानातून सुट्टी मिळालीय, पंचमीला विट्यात उतरतो, पोराचं तोंड बघायचंय. पोर पाच महिन्यांचं झालं होतं आणि बापानं अजून ते पाहिलं नव्हतं.

कार्ड ऐकून त्याच्या बायकोला, भामाबाईला, घाम फुटला. पंचायतीच्या रेडिओवर आठवडाभर तेच चाललं होतं: परदेशातून आलेली पटकी, कॉलऱ्याची साथ, कलकत्त्यात पसरलीय. सरपंच हंबीरराव दारात येऊन म्हणाले, "भामा, गाव लय भ्यालंय. त्याला ओढ्यापलीकडच्या छपरीत ठिवू. पाच दिस."

तिला सांगायची गरजच नव्हती. ती लहान असताना पटकीनं बाप सकाळी गेला आणि भाऊ दिवस मावळायला. दोघांचे खोल गेलेले डोळे तिला अजून दिसायचे.

जालिंदर आला तो धडधाकट. भामा ओढ्यापाशी वाट अडवून उभी होती.

"आगं, टोचून घेतलंय मी. ह्यो बघ कागूद."

"आसूं द्या. पाच दिस तिकडं ऱ्हावा."

तो हसला. त्याला चेष्टाच वाटली.

रोज ती दगडावर भाकरी ठेवून मागं सरायची, मग तो यायचा. तो तांब्या घेऊन झुडपाआड गेला की ती बोटांवर मोजायची. एका सकाळी तीनदा गेला, तर तिचं अंग गार पडलं.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लांबनंच दाव की पोराला."

"वारं तिकडनं हिकडं येतंय," म्हणून ती परत फिरली. तो छपरीकडं वळला.

चौथ्या दिवशी कालची भाकरी दगडावर तशीच होती, मुंग्या लागलेली.

"आवं! आवं, ऐकलं का?"

ओढा ओलांडायला पाय उचलेना. छपरीत डोळे खोल गेलेला बाप पडलाय असंच तिला वाटत होतं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पदर नाकाला लावून ती गेली.

छपरी रिकामी होती. घोंगड्याची नीट घडी, तिच्यावर तान्ह्याच्या मापाचे चांदीचे वाळे. तिनं ते फडक्यात धरून नेले, दोनदा उकळले, तरी पोराच्या पायात घातले नाहीत.

आदल्या संध्याकाळी विट्याच्या स्टँडवर त्याला गाडीत बसताना कुणीतरी पाहिलं होतं.

त्या साली गावात पटकी आली नाही. जालिंदरही आला नाही. पुढं कलकत्त्याहून पत्रं यायची ती हंबीररावांच्या नावानं. त्यात पोराची चौकशी असायची, भामाची नसायची.