कोपरे

"फर्म्याचं भोक मोठं झालंय, मिस्त्री! पाटी सैल बसेल ना!" फळीवर स्क्रूने बसवलेल्या साच्याकडे बोट दाखवत कारखान्याचे मालक गोटीरामशेठ ओरडले.

अब्बासमिस्त्रीने उजवा हात खिशातच ठेवला. दोन वर्षं झाली, तो हात थरथरत होता आणि बायकोशिवाय, गुलजारबीशिवाय, कुणालाच ते ठाऊक नव्हतं. कारखान्यात कळलं असतं तर सुतारकी संपलीच. दुसरं येत काय होतं त्याला?

"शेठ, मशीनखालचं हे लोखंडी कडं, हे बुश, फर्म्याच्या कडेला घासत जातं. पातं बुशच्या आत फिरतं, म्हणून एक सूत आत कापतं. भोक तेवढं मोठंच लागतं."

शेठना पटलं की नाही कोण जाणे. आपल्या नावाची पितळी पाटी घेऊन वकीलसाहेब समोरच उभे होते. दाराची फळी मनमाडहून आणलेल्या जुन्या सागाची, एकच. चुकली की गेली.

खाच कोरायच्या या विलायती मशीनला, राउटरला, नाशिक रोडचे सगळे सुतार टरकून असत. अब्बासला मात्र तो खुदाने धाडल्यासारखा वाटे. हात कितीही हलो, बुश फर्म्याला टेकलं की रेघ सरळ! त्याने श्वास रोखून चारी बाजू फिरवल्या. खाच लख्ख निघाली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आता कोपरे काढा," शेठ म्हणाले.

गोल पातं कोपरा गोलच सोडतं आणि पाटी होती काटकोनी. तिथे पटाशीच हवी, नि पटाशीला आधार फक्त हाताचा. अब्बासला हे माहीत होतं. वेळ आली की बघू, म्हणून त्याने ढकललं होतं. मूर्खपणा, दुसरं काय!

त्याने पटाशी कोपऱ्याला टेकवली, तशी तिची धार लाकडावर टकटक वाजू लागली. शेजारच्या तरुण सुताराने, भिमाजीने, रंधा थांबवला.

अब्बासने पटाशी लाकडावरून उचलली.

"शेठ, माझा हात हलतो. दोन वर्षं झाली. लाकूड एकच आहे, भिमाजीला करू द्या."

शेठनी भिमाजीला हातानेच पुढे बोलावलं. भिमाजी कसनुसा झाला.

"चाचा, मला नाय जमायचं. लय नाजूक काम हाय."

"मी आहे ना. बस."

तीन कोपरे झाले. चौथ्याला पाटी अडली. भिमाजीने पटाशी लावली.

"थांब." अब्बासने वाकून डोळा फळीशी नेला. "केसभरच घे. जास्त नको."

भिमाजीने केसभर घेतलं. पाटी चपखल बसली. वकीलसाहेबांनी भिमाजीची पाठ थोपटली.

"उद्या बोलू, मिस्त्री," शेठ हळूच म्हणाले.

"जी."

अब्बास फर्म्याचे स्क्रू सोडवायला बसला. एकेका स्क्रूला वेळ लागत होता. मदतीला कुणी पुढे झालं नाही, आणि त्यानेही हात लपवला नाही.