काय येतं, काय अडलंय

“काका, यादीत नाव नाही तुमचं,” मेळाव्याच्या दारातल्या टेबलामागची मुलगी म्हणाली आणि तिनं कागदावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. आठवड्यापूर्वीच कामाला लागलेली. तिला बिचारीला काय माहीत?

कारकूनकाका ओशाळले. यादी त्यांचीच. सव्वीस वर्षं त्यांनी भरलेल्या कार्डांवरून उतरवलेली. मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या दोनशे चौदा जणांची कार्डं त्यांच्या कपाटात होती. प्रत्येकावर नाव, पत्ता आणि खाली दोन ओळी : ‘काय येतं’ आणि ‘काय अडलंय’. एकाचं अडलेलं दुसऱ्याच्या येण्याशी जुळवायचं आणि दोघांना पत्रं टाकायची, हे काकांचं काम. गिरणीतल्या मास्तरांचे विद्यार्थी ताठ बोटांनी पेन्सिली मोडत, तर मास्तरांना दवाखान्यातल्या नर्सबाईंचा पत्ता कळवायचा. नर्सबाई आपल्या विद्यार्थ्यांकडून आधी बोटानं वाळूत गिरवून घेत. सगळ्यांच्या सोयरिकी जमवल्या आणि स्वतःचं कार्ड करायचं मात्र राहून गेलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

पत्राखाली सहीसुद्धा ‘आपले, कार्यालय’ अशी. पहिल्या साहेबांनीच दटावलं होतं, “पत्र संस्थेचं. तुमचं नाव मिरवायचं कशाला?” काकांनी ते मनावर घेतलं ते घेतलंच.

महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. पुढचं सगळं फोनवरच्या ग्रुपवर. आज मेळाव्याला ते आले होते ते एकाच माणसाला भेटायला, आपण कोण ते एकदा तोंडानं सांगायला : खाणीवर वर्ग घेणाऱ्या बाईंना. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार. काकू वारल्या त्या आठवड्यातही काकांनी बाईंना कुणाचा तरी पत्ता कळवला होता. उलटटपाली उत्तर आलं : ‘पत्ता मिळाला. कार्यालयाला बरं नाही का? या खेपेला अक्षर वाकडं आलंय.’ भेटायला आलेल्या सख्ख्या नातेवाइकांनीही इतकं निरखून पाहिलं नव्हतं. ते पत्र आजही त्यांच्या खिशात होतं.

सभागृहात नुसता कल्ला. एकमेकांना फक्त कागदावर ओळखणारी माणसं कडकडून भेटत होती. बिल्ल्यावरचं नाव वाचून काकांनी बाईंना हेरलं. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. धीर करून ते जवळ गेले.

“अहो, तो पंखा बंद करता का जरा?” बाई म्हणाल्या. “कागद उडताहेत सगळे.”

काकांनी पंखा बंद केला. सांगायचं ते राहूनच गेलं. नंतर बाईंनी मंचावरून ‘कार्यालयाचे’ आभार मानले, तेव्हा नवे चिटणीस उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून टाळ्या घेतल्या. काकांनीही वाजवल्या. इतकं एकटं त्यांना रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पांगापांग झाली. काका टेबलाशी येऊन टेकले.

“आता कार्ड तरी भरा की काका,” मुलीनं कोरं कार्ड पुढे सरकवलं.

त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. काय येतं : ‘माणसं जोडून देणं.’ काय अडलंय? त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग लिहिलं : ‘घरी पत्र येत नाही.’

बिल्ला परत द्यायला कुणीतरी शेजारी वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. खाणीवरच्या बाई होत्या. त्यांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं.

“सावरलं हो अक्षर,” त्या हळूच म्हणाल्या. “आणि मी मेलीनं तुम्हाला पंखा बंद करायला लावला!”

“कागद उडत होते,” काका म्हणाले.

बाहेर बाईंची गाडी भोंगा वाजवत होती. खाणीकडे जाणारी शेवटचीच. बाईंनी कार्ड उचलून पिशवीत ठेवलं आणि त्या लगबगीनं गेल्या.

“अय्या, कार्ड फाइलला लावायचं होतं ना!” मुलगी म्हणाली.

“जागेला लागलं ते,” काका म्हणाले आणि उरलेल्या कोऱ्या कार्डांना रबर लावू लागले.