पेन बदलून द्या

शाहूपुरीतल्या त्या दुकानात मी शिरले तीच भांडायच्या तयारीने. पिशवीत पेन टॅब्लेट होता. म्हणजे एक काळी पाटी आणि तिच्यावर चालणारं पेन. पेन पाटीवर फिरवायचं आणि रेषा समोरच्या स्क्रीनवर उमटते. दुकानदार बसवेशनेच तो मला विकला होता आणि वॉरंटी अजून शिल्लक होती.

मी दागिन्यांची डिझाइनं काढते. गुजरी पेठेतले सराफ माझ्याकडून साज, ठुशी, वज्रटीक असे गळ्यातले दागिने रेखाटून घेतात आणि कारागीर ते समोर ठेवून सोनं घडवतो. तिथे केसाएवढी चूक खपत नाही. मनगट दुखतं म्हणून माऊस मी केव्हाच सोडला होता, त्यामुळे मेल, बिलं, फोटो, सगळं त्या एका पेनावरच. मागच्या आठवड्यात कॉम्प्युटर फॉरमॅट केला, सगळे प्रोग्राम नव्याने टाकले आणि पेनाच्या अंगात आलं. साजात ओवायचं पान काढावं तर कड करवतीसारखी दातेरी. एक मेल उघडायला जावं आणि शेजारचा पुसला जावा, हे तर आधीपासूनचंच. मी केबल बदलली, पेनाचं टोक बदललं, फॉरमॅट करणाऱ्याला फोनवर झापलं. उपयोग शून्य. उद्या एका सराफाला नवरीचा अख्खा सेट द्यायचा होता आणि माझी एक रेषा धड येत नव्हती.

"माल खपवायच्या आधी तपासून बघता का न्हाय?" मी पाटी काउंटरवर ठेवली, जरा आदळलीच. "हे पेन बदलून द्या."

बसवेश भांडखोर गिऱ्हाइकांना सरावलेला. त्याने पाटी दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली, मी वापरते तोच प्रोग्राम त्यावर उघडला आणि एक गोल काढला. गोल बटाट्यासारखा आला, कारण चित्रकलेशी त्याचा संबंध नाही. पण रेषा स्वच्छ होती.

"चालतंय की वहिनी."

"मग माझ्या हातात काय हुतंय त्याला?" मी पेन ओढून घेतलं आणि रेघ मारली. दातेरी.

"तुम्ही तापलाय," तो म्हणाला. "हात बघा कसा थरथराय लागलाय. बसा, पाणी प्या. राग उतरू दे, मग काढा."

शांत व्हा असं कुणी सांगितलं की माझं डोकं आणखी फिरतं. पण ऊन होतं, घसा सुकला होता, मी बसले. पंख्याखाली पाणी प्यायले. तोवर त्याने एका माणसाला प्रिंटरची शाई विकली, वर दोन रुपये सुटे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं, आणि त्या माणसाचा चेहरा बघून मला हसू आलं. राग खरोखरच गेला होता. उगीच या माणसावर तोंड टाकलं असंही वाटलं.

मग मी पेन घेतलं आणि सावकाश, श्वास धरून एक आडवी रेघ मारली. तीही दातेरी.

बसवेशने बिलबुक उलटं करून माझ्यापुढे सरकवलं आणि खिशातलं साधं बॉलपेन दिलं. मी कागदावर रेघ मारली. तेच दाते.

"आता कागद बी बदलून मागू?" मी म्हणाले. दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

तो प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये शिरला. "ह्यात रेषा सावरायची सोय असती. हात हलला तरी ती रेषा सरळ करून देती. हितं ती शून्यावर हाय. तुमची बी फॉरमॅट केल्यावर शून्यावर गेली असणार. तुम्ही आधी किती ठेवलीती?"

मला आठवलं. सुरुवातीला सगळे ठेवतात तशी थोडीशी. मग एका ठुशीचे मणी नीट येईनात म्हणून जरा वाढवली. मग आणखी जरा. दर वेळी मी काम नाजूक आहे असं म्हटलं आणि पुढे सरकले. शेवटी ती टोकाला होती, त्यापुढे जागाच नव्हती.

खांद्यापासून खाली दुसऱ्याच कुणाचा तरी हात लावून इतके दिवस आपण हिंडत होतो, असं वाटलं. घर नवऱ्याच्या पगारावर चालेल. पण मी त्या हातावर चालते. तो गेला तर माझ्याकडे उरतं काय, ते मला सुचेना.

"परत लावून दिऊ?" बसवेशने हळू आवाजात विचारलं.

मी होकाराची मान हलवली. त्याने सेटिंग टोकाला नेली. मी साजाचं एक पान काढलं. ते सुरेख आलं, कड अगदी घोटीव. आणि ते सुरेख पान बघून मी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरास्नी दाखवा, वहिनी," तो म्हणाला. "अंगावर काढू नका."

घरी धैर्यशील, माझा नवरा, दूध संघातून नुकताच आला होता. कसं सांगायचं ते ठरेना, म्हणून मी चहा केला. त्याच्यापुढे कप धरला तर बशीवर तो खडखडायला लागला. धैर्यशीलने मोबाइल बाजूला टाकला आणि ताडकन उठला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "गॅसचा नंबर लावायचा ऱ्हायला, तेच न्हवं? आत्ता लावतो."

"मला राग आलाय असं तुला कशानं वाटलं?"

"हात थरथरतोय की तुझा. वरीसभर बघतोय. हात थरथराय लागला की मी आपलं चुकलं म्हणतो आणि गप बसतो."

वर्षभर हा माणूस कशाकशाची माफी मागत होता, आणि मीही कसला तरी राग आलाच असेल असं धरून ती घेत होते.

"मला राग आलेला न्हाय, धैर्यशील," मी म्हणाले. "आज न्हाय. आधी बी किती वेळा नसंल, कुणास ठाऊक."

तो हसणार होता. मग त्याने कपाकडे पाहिलं. कप माझ्याकडून घेऊन त्याने खाली ठेवला, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो थांबायची वाट बघत उभा राहिला.