भट्टी उठला

परदेशी कारागिरांचे व्हिसा बंद झाले आणि काचेच्या कारखान्यातला उस्ताद मायदेशी परतला. त्याच्या जागी इथल्याच माणसाला बढती मिळाली. त्याला सगळे दाजी म्हणत. भट्टीच्या घरघरीवरून तिची तब्येत ओळखणारा उस्ताद एकटाच होता. आणि भट्टी गार पडली की आतली काच गोठून विटा फोडते. मग कारखाना संपलाच.

उस्तादला इथली भाषा आली होती, फक्त स्त्रीलिंग कधी आलं नाही. भट्टी नीट तापली की "भट्टी उठला," म्हणायचा, "काच आला, चला." त्याची टिंगल करता करता सगळेच तसं बोलू लागले. तो गेल्यावर तर ही खोड वाढली. दाजीने घरी बायकोला "जेवलास का?" विचारलं, तेव्हा उद्यापासून दाढीचं सामान आणून ठेवा, असं तिने सुनावलं.

दाजीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. कोणी शुद्ध बोललं की घरघर उतरायची, चुकीचं बोललं की चढायची. हे तो कोणाला सांगणार? उस्तादसारखा हात कोणाचाच नव्हता. भांड्यांना चिरा जात होत्या, मागणी घटली होती. पॅकिंगच्या बऱ्याच बायका घरी बसल्या, फाटकाजवळच्या चहावाल्याने गाशा गुंडाळला. उरलं होतं एक मोठं गिऱ्हाईक.

ते भट्टी बघायला येणार म्हणून मालकीणबाईंनी सर्वांना ताकीद दिली. गिऱ्हाइकासमोर नीट बोलायचं, उस्तादची बोली नको. ती ऐकली की तो नाही हे आठवतं.

गिऱ्हाइकाने भट्टीची चौकशी केली. बाई दाजीकडे बघत होत्या.

"उत्तम तापली आहे," दाजी म्हणाला.

घरघर थांबली. गॅस चालू होता, ज्वाळा दिसत होत्या, पण आवाज नव्हता. आतला नारिंगी उजेड लाल झाला, मग काळपट. नंतर कळवतो म्हणत गिऱ्हाईक निघून गेलं.

दाजीच्या त्या वाक्यावरच भट्टी थांबली, हे बाईंच्याही लक्षात आलं होतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दाजी, त्याच्यासारखं म्हणा."

"भट्टी उठली," दाजी म्हणाला. त्याने तोंड पुसलं. "उठली. उठली."

"अहो, उठला म्हणा."

"तेच तर म्हणतोय. उठली."

मग फुंकनळीवाल्यांनी म्हणून बघितलं. पॅकिंगला उरलेल्या मावशींनी बघितलं. शेवटी बाईंनी गार होत चाललेल्या विटांवर हात ठेवून बघितलं.

सगळ्यांचं व्याकरण अचूक होतं.

आत पहिली वीट तडकली.